भाजी बसल्यावर मीठ

आमच्या घरात पुस्तक असं नव्हतंच. होती ती पत्रकं. वडील मिठागरावर कामाला होते आणि संघटनेचे गावातले चिटणीसही होते. मुंबईहून आलेली लाँच रेवस बंदराला लागली की कुणीतरी काखेत गठ्ठा मारून उतरायचं, आणि तो गठ्ठा संध्याकाळपर्यंत आमच्या ओटीवर यायचा. पातळ पिवळट कागद, बोटाला लागणारी शाई. अक्षरं मला शाळेनं शिकवली, पण वाचायला शिकवलं त्या कागदांनी. 'परकर' लिहिताना मी चुकायचे तेव्हासुद्धा 'पिळवणूक' बिनचूक लिहायचे.

संध्याकाळी वडील पत्रक माझ्या हातात द्यायचे. मी कंदिलाजवळ बसून मोठ्यानं वाचायचे, ते मान हलवत ऐकायचे, आणि आई चुलीपाशी भाकऱ्या थापताना ऐकायची. तिला वाचता येत नव्हतं. पण ऐकलेलं ती सोडत नसे. वडिलांना त्या कागदांतले मोठे शब्द आवडायचे, आईला लहान. एकदा मी वाचलं, की घामाचं मोल घाम गाळणाऱ्याच्या हातात पडलं पाहिजे. आईनं थापता थापता विचारलं, "हातात म्हंजी कोनाच्या हातात?"

वडील हसले. "कामगाराच्या, अजून कोणाच्या?"

"मंग माजा हात कवा बगनार तो मुनीम?"

हे समजायला आमच्या मिठागरावरची रीत सांगायला हवी. नवरा-बायको तिथे जोडीनं कामाला लागायचे. पुरुष वाफ्यात मीठ ओढायचा, बाई ते टोपलीत भरून डोक्यावरून बांधापलीकडच्या राशीवर नेऊन टाकायची. पगार जोडीचा असायचा आणि तो पुरुषाच्या हातात पडायचा. नवरा दारूत उडवणारा असला तर बाई त्याच्यामागे गुत्त्यापर्यंत पळायची. माझे वडील दारू पीत नव्हते. पगार आणून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचे आणि कशाला पाहिजेत ते विचारून आईला द्यायचे. गावातल्या बाया आईला म्हणायच्या, तुझं नशीब बरं. आईला हे 'बरं नशीब' घशात अडकलेल्या काट्यासारखं वाटायचं. विचारल्याशिवाय देत का नाहीत, एवढंच तिला कळत नव्हतं. आणि ते तिचंच बरोबर होतं.

त्या वर्षी आमच्या दारात घोसाळी आली. आली म्हणजे घरावर चाल करून आली.

खाडीकाठचं आमचं अंगण खारं. उन्हाळ्यात मातीवर पांढरा पापुद्रा यायचा, आणि तिथे आघाडासुद्धा जीव धरत नसे. आईनं वैशाखात ओटीच्या कोपऱ्याला खड्डा खणला, वरच्या शेतांतली गोडी माती टोपल्यांनी आणून भरली आणि बिया टोचल्या. जी टोपली मिठासाठी, तीच मातीसाठी. मासे धुतलेलं पाणी, तांदळाचं धुवण, राख, सगळं त्या मुळाशी. पाऊस लागला आणि वेल आधी मांडवावर, मग कौलांवर, मग शेजारच्या मावशीच्या न्हाणीवर गेला. सकाळी सगळं छप्पर पिवळ्या फुलांनी भरलेलं असायचं आणि काळे भुंगे घुमत असायचे. आषाढ सरता सरता घोसाळी लोंबायला लागली. घोसाळ्याला थांबणं माहीत नसतं. आज बोटाएवढं दिसतं, उद्या खाण्याजोगं होतं, आणि परवा काढायचं राहिलं तर त्याच्या आत जाळी धरते. मग ते शिजत नाही, नुसतं चघळत बसावं लागतं. म्हणून रोज काढावंच लागायचं, आणि काढलं की खावंच लागायचं.

पहिले दिवस कौतुकाचे होते. आई चकत्या करून हळद-तिखटाच्या तांदळाच्या पिठात बुडवायची आणि तव्यावर थेंब थेंब तेल सोडून परतायची. मग सुकवलेला जवळा भाजून, कांद्याबरोबर घोसाळ्यात घातला. पावसात होड्या बंद, ताजी मासळी नाही, तेव्हा त्या जवळ्याच्या वासावर आम्ही आणखी एक भाकरी खायचो. मग डाळ घालून झाली. निखाऱ्यात भाजून, कुस्करून, हिरवी मिरची आणि नारळ घालून भरीत झालं. मग आमटीत टाकली. शेवटी उकडून पिठात कालवून त्यांचे घावनसुद्धा झाले, आणि वडील घावन उलटून बघत म्हणाले, "ही इथं पण आली?"

"तुमी संघटना वाढवता, मी घोसाली वाढवते," आई म्हणाली. "माजी लवकर वाढली."

गावात भाजीची वाटी शेजारी दिली की ती रिकामी परत येत नाही, काहीतरी घालूनच येते. त्या वर्षी आमची वाटी घोसाळ्यानं भरून जायची आणि घोसाळ्यानंच भरून परत यायची, कारण आमच्याच वेलाची घोसाळी मावशीच्या न्हाणीवर लागली होती. मावशी ओटीवरूनच ओरडायची, "बाय गो, तुजी वाटी तुलाच! माज्या घरची पोरं आता हिरवी पडतील!"

घोसाळं शिजवायची आईची एकच शिस्त होती. पाणी घालायचं नाही, आणि मीठ भाजी बसल्यावर. चिरलेल्या घोसाळ्यांची भाजी टोपात काठापर्यंत येते, झाकण वर तरंगतं, बघणाऱ्याला वाटतं पंगत जेवेल. वाफ धरली की तिला स्वतःचंच पाणी सुटतं आणि ती खाली बसते, बसत बसत टोपाच्या तळाशी जाते. किती भाजी आहे ते तेव्हा कळतं, आणि मीठ तेव्हाच्या अंदाजानं घालायचं. "उंच दिसते तवर तिला मीठ दाखवाचा नाय," आई मला सांगायची. मी ते ऐकून ठेवायचे, जसं ती पत्रकं ऐकून ठेवायची.

आश्विनात, भातकापणीच्या आणि मिठागरं सुरू व्हायच्या आधी, आमच्या गावात मिठागर कामगारांची परिषद ठरली. हंगामाआधी मागण्यांचे ठराव करायचे, ते मालकांकडे पाठवायचे. मुंबईहून पुढारी अध्यक्ष म्हणून येणार होते. जेवणाचं काय, असा प्रश्न आमच्या ओटीवर निघाला. वडिलांनी मान वर करून छपराकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. घोसाळी लोंबत होतीच.

"भाजी आमच्याकडून," वडील म्हणाले. "घरटी भाकऱ्या गोळा करू."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "भाजी देते. करून पन देते. पन मना बोलू द्या."

मग एकजण म्हणाला, "काय बोलशील, वैनी?"

"बाईचा पगार बाईच्या हातात. यवडाच."

वडिलांना अभिमान वाटला, त्यांच्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. त्यांनीच सुचवलं की ठराव म्हणूनच घेऊ, ती मांडेल. सगळ्यांनी हो म्हटलं. त्या दिवसापासून आई वेलाखाली भाषणाची तयारी करू लागली. घोसाळी काढायची, टोपलीत टाकायची, आणि बोलायची. मी ऐकणारी.

"भावांनो, बायांनो. मी मीठ डोईवरनं वाहते. टोपली माज्या डोक्यावर असते, तवा मुकादम माज्या डोक्याकडं बगून वहीत खूण करतो. ती टोपली नवऱ्याच्या नावावर चढवत नाय, चुकला तर मनाच शिव्या घालतो. मंग पगाराच्या दिशी माज्या हाताकडं का बगत नाय?"

एवढंच भाषण. मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली, काही लिहूनही दिली. यापेक्षा चांगलं एकही नव्हतं.

परिषदेच्या दिवशी देवळासमोर माडाच्या झावळ्यांचा मांडव घातला. मांडवाच्या मागे तीन दगडांची चूल, तिच्यावर देवळातलं मोठं तपेलं. पहाटेपासून आई आणि मी विळीवर बसलो होतो. मावशी आणि दोघी-तिघी आलेल्या भाकऱ्या मोजून फडक्यात बांधत होत्या. सभा सुरू झाली तेव्हा तपेलं काठोकाठ भरून चुलीवर चढलं होतं. अध्यक्षांना दुपारच्या भरतीला रेवसहून लाँच पकडायची होती. ती चुकली तर ओहोटीत धक्क्याला लाँच लागणार नव्हती. म्हणून आधी भाषणं, मग ठराव, मग पंगत, सगळं भरतीआधी उरकायचं होतं.

इतक्यात शेजारच्या गावचा एक तरुण कार्यकर्ता चुलीपाशी आला. बाह्या वर सारलेल्या, चेहरा उत्साहानं फुललेला. त्याच आठवड्यात आम्ही सगळ्यांनी एक पत्रक वाचलं होतं, त्यात लिहिलं होतं की चूल ही बायकांचीच बेडी का असावी. बाकीच्यांनी ते वाचलं आणि घडी घालून ठेवलं. त्यानं ते मनावर घेतलं होतं.

"वैनी, तुम्ही सभेत बसा," तो म्हणाला. "आज चूल आमची!"

आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "नुसती हलवत राव. बाकी काय करू नको. मीठ मी येऊन घालीन."

"जा हो वैनी, निर्धास्त जा."

आईनं पदर सारखा केला, हात धुतले आणि मांडवात बायकांच्या बाजूला पुढे जाऊन बसली. मी तिच्या शेजारी. तिच्या हातांना घोसाळ्याचा हिरवा वास येत होता. एक भाषण झालं. दुसरं सुरू झालं. त्यानंतर ठराव, आणि ठरावांत तिचा. तिचे ओठ हलत होते.

तिकडे चुलीपाशी त्या बिचाऱ्यानं विचार केला, बाईंचं एवढं एक काम तरी कमी करू. मिठात जन्म गेलेला मुलगा. वाफ्यातलं मीठ नुसतं बघून तो सांगू शकला असता की आणखी एक ऊन लागेल. पण अन्नात मीठ घालायची वेळ त्याच्यावर आयुष्यात कधी आली नव्हती, ते काम घरातल्या बायकांनी त्याच्यापासून दूर ठेवलं होतं. तपेलं काठापर्यंत भरलेलं दिसत होतं. त्यानं त्या उंचीच्या हिशेबानं आमच्याच मिठागरावरचं खडामीठ ओंजळींनी घातलं. मग भाजी बसायला लागली. बसत बसत तळाशी गेली. मीठ तेवढंच राहिलं.

मावशीनं चव बघितली आणि थुंकली. "अरं मेल्या, ही भाजी हाय का मिठागराचा वाफा?"

तो पोरगा पांढरा पडला. त्यानं धावत जाऊन वडिलांना गाठलं. वडील मांडवाच्या कडेनं वाकून आमच्याकडे आले आणि आईच्या कानाशी म्हणाले, "जरा ये. भाजी खारट झालीय."

"आता माजा नंबर हाय."

"पाव्हणे उपाशी जातील. लाँच आहे त्यांची. तू नुसतं काय करायचं ते सांग आणि ये. मी अध्यक्षांना थांबायला सांगतो."

आई उठली. मला तो क्षण अजून राग आणतो. पंगत एक दिवस खारट भाजी खाऊन उठली असती तर काही बिघडत नव्हतं. सुकी भाकरी आणि कांदा आम्ही मिठागरावर रोज खायचो, पुढाऱ्यांनी एकदा खाल्ला असता. मावशीनं निस्तरलं असतं. वडिलांनी स्वतः जाऊन विळीवर बसायला काय हरकत होती? पण भाजी खारट म्हटल्यावर सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर एकच बाई आली, आणि खरं सांगायचं तर त्या बाईच्या डोळ्यांसमोरही तीच आली. इतकी वर्षं मुरलेली सवय. ती पत्रकानं जात नाही.

खारट भाजीला एकच उतारा होता, आणखी घोसाळी. टोपल्यांत उरलेली होती, ती तिनं समोर ओढली. तो पोरगा हात जोडून उभा होता. "वैनी, मला वाटलं..."

"उंच दिसली म्हनून वाटला तुला," आई म्हणाली. "बस हितं. चीर."

तो बसला. त्याच्या चकत्या जाड-बारीक पडत होत्या, बोट कापलं, तरी तो उठला नाही. त्या दिवशी विळीवर बसलेला तो एकटाच पुरुष. आणि त्याच्याच हातून ते झालं होतं. माझ्या मनातला हा हिशेब मला कधी नीट लागला नाही.

मांडवातून ठरावांचं वाचन ऐकू आलं तशी आईनं मला पिटाळलं. "सांग त्यांना, येते म्हनावं. यवडी वाफ बसली की आली."

मी पळत गेले, थेट मेजापाशी. वडील तिथेच उभे होते. मी म्हटलं, "आई येतेय. तोवर तिचा ठराव थांबवून ठेवा."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. माणूस मऊ बोलणारा होता. "बाळ, परिषदेचं काम एकासाठी थांबत नाही. त्या आपल्या सगळ्यांसाठीच काम करतायत ना तिकडे? पुढच्या वेळी नक्की."

मी म्हटलं, "मग मी बोलते. मला पाठ आहे."

लोक हसले. प्रेमानंच हसले. वडीलही हसले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागे घेतलं. त्यांनी अध्यक्षांना थांबायला सांगितलं होतं, नाही असं नाही. अध्यक्ष थांबले नाहीत, आणि वडिलांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. आईचा ठराव वगळून पुढचा वाचला गेला, मजुरी वाढवण्याचा. हात वर झाले. "मंजूर!" असा मोठा आवाज उठला.

मी परत आले तेव्हा आई तपेल्यावर वाकून नव्या भाजीत जुनी मिसळत होती.

"कशाला हात वर केले गो?"

"ठरावाला."

"माज्या?"

"तुझा नव्हता त्यात."

तिनं डाव उचलला, भाजीची चव घेतली. "आता बरी झाली," ती म्हणाली. "पानं मांडा."

अध्यक्ष जेवले. भाजी फार छान झाल्याचं सांगून आणखी मागून घेतली. मग भरती साधून लाँचनं गेले.

पुढच्या गठ्ठ्यात परिषदेचा वृत्तांत छापून आला. नेहमीसारखी मी कंदिलाजवळ बसून वाचू लागले. कोण काय बोललं, कुठले ठराव झाले. शेवटी एक ओळ होती, की गावातल्या भगिनींनी भोजनाची व्यवस्था उत्तम ठेवली. आई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं.

"खारट झाल्याचा नाय लिवला?"

"नाही."

"लिवाचा ना. खराच तेवडा होता."

वडील उठून बाहेर गेले.

त्या हंगामात मजुरी खरंच वाढली. तो संघटनेचा विजय होता, मी तो नाकारत नाही, आम्हाला त्यातून दोन वेळचं धड खायला मिळालं. पहिल्या पगाराला मी शाळा बुडवून आईबरोबर गेले होते. मुनीम खुर्चीवर, समोर पुरुषांची रांग, बायका बाजूला बांधावर. जोडीचा पुकारा झाला. वडील पुढे झाले आणि आईही बांधावरून उतरून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिनं हात पुढे केला. मिठानं भेगाळलेला, उघडा हात.

मुनीमानं तिच्या हाताकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "काय चिटणीस, घरची मंडळी भरवसा ठेवत नाही वाटतं?"

रांग खोखो हसली. वडिलांचा चेहरा तांबडा झाला. मी त्यांच्याकडे बघत होते. आता बोलतील, मला वाटलं. हाच माणूस मालकाच्या माणसांसमोर पत्रक वाचून दाखवायला कचरला नव्हता. पण हसणारे आपलेच लोक होते, आणि त्यांच्याविरुद्ध बोलायची सवय वडिलांना नव्हती. त्यांनी हात पुढे केला. मुनीमानं पैसे त्यांच्या हातात ठेवले.

घरी येताना बांधावर त्यांनी ते सगळे पैसे तसेच्या तसे आईसमोर धरले. "घे. तुझे आणि माझे, सगळे तूच ठेव."

आई चालता चालता थांबली. "ह्ये तुमी दिलेलं," ती म्हणाली. "मी मिलवलेला कवा देतील?"

तिनं पैसे घेतले नाहीत. ते पुन्हा कोनाड्यात गेले.

पुढच्या वर्षी वेल परत घरावर चढला, तितकाच दांडगा. पण आईनं एकही घोसाळं काढलं नाही. मावशीनं विचारलं, मी विचारलं, ती म्हणायची, "लागू दे." हिरवी घोसाळी मोठी झाली, पिवळी झाली, मग तपकिरी होऊन छपरावर सुकली. वारा आला की आतल्या बिया खुळखुळायच्या. आश्विनात परिषदेची बैठक पुन्हा आमच्या ओटीवर बसली. जेवणाचं निघालं तशा सगळ्यांच्या माना सवयीनं वर गेल्या.

"यंदा भाजी नाय," आई दारातून म्हणाली. "बोलाला बोलवा, येते. जेवाचं ज्यानं त्यानं घरून जेवून यावं."

कुणी रागावलं नाही. तेच वाईट होतं. ते समजुतीनं हसले, चहा प्यायले आणि परिषद पलीकडच्या गावात नेली. त्या गावातही छपरांवर घोसाळी होती. वृत्तांत आला तेव्हा मी शेवटची ओळ आधी शोधली. होती. भगिनींनी भोजनाची व्यवस्था उत्तम ठेवली. मी ती मोठ्यानं वाचली नाही, पण आई चुलीपाशी भाकरी थापायची थांबली होती, आणि मला कळलं की तिला ऐकू आली.

आईनं सुकलेली घोसाळी काढून सोलली, बिया झटकल्या, आणि आतल्या जाळ्यांची चळत न्हाणीत लावून ठेवली. भांडी घासायला, अंग घासायला. तो पोरगा, ज्यानं मीठ घातलं होतं, एकदा पत्रकं द्यायला आला तेव्हा तिनं त्याला दोन जाळ्या दिल्या. आम्हाला ती चळत वर्षानुवर्षं पुरली. हंगामात वडील मिठागरावरून येऊन न्हाणीत बसत आणि त्यातलीच एक जाळी घेऊन पायांच्या भेगांतलं मीठ घासत. आई बाहेर थांबायची, तिचे पाय तसेच खारे, त्यांचं होईपर्यंत.